गीझरची बुटकी काठी

माझ्या भावाचं माझ्यावर लक्ष आहे हे मला पहिल्यांदा इस्त्रीवरून कळलं. दुपारी मी एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजांना इस्त्री करत होते आणि हूटगळ्ळीहून, म्हैसूरच्या पार दुसऱ्या टोकावरून, त्याचा फोन आला. इस्त्री इतका वेळ कशाला चालू ठेवतेस, असं त्याने विचारलं. मी आधी खिडकीकडे पाहिलं, मग दाराकडे. चामराजपुरमच्या आमच्या घरात मी आणि आई सोडून कोणी नव्हतं, आणि आई तर झोपली होती.

त्याला फोनवर दिसत होतं. वडील गेल्यावर घराचं वीज कनेक्शन त्याच्या नावावर झालं, कारण तो थोरला आणि मुलगा. पुढे जुना मीटर अडकला म्हणून खात्याची माणसं नवा स्मार्ट मीटर लावून गेली. आता रीडिंग घ्यायला कोणी येणार नाही असं त्यांनी सांगितलं तेव्हा मला बरंच वाटलं होतं, फाटक उघडायची एक कटकट गेली. त्यांच्या जागी माझा भाऊ यायला लागला, तोही फाटक न उघडता. घरात किती वीज वापरली ते मीटर दर अर्ध्या तासाला कळवतो आणि ॲपमध्ये त्याच्या उभ्या काठ्या दिसतात. मी इस्त्री लावली की काठी उंच, नुसती शिलाई मशीनची मोटार चालली तर ठेंगणी, आणि काहीच चाललं नाही तर फ्रीजची एवढीशी. माझा अख्खा दिवस त्याच्या खिशात.

भाऊ तिकडच्या एका कारखान्यात इंजिनियर आहे. कुठलं मशीन किती वीज खातं आणि कुठलं नुसतंच फिरतं, हे बघून त्याने तिथे बरीच वीज वाचवली आणि त्याबद्दल त्याला शाल-श्रीफळ मिळालं. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली आहे. काठी आहे म्हणजे काम चालू आहे, काठी नाही म्हणजे काम बंद. कारखान्यात ते खरं असेल, मला कारखान्यातलं कळत नाही.

आमचे पूर्वज म्हैसूरच्या सैन्यात घोड्यावर बसून आले म्हणतात. त्यांच्या हातात तलवारी होत्या, माझ्या हातात कात्री आहे आणि भावाच्या हातात फोन, तेव्हा आमच्यात लढाई कधी ना कधी व्हायचीच होती. माझं लग्न टिकलं नाही. मी माहेरी परत आले ती इथेच राहिले, आणि ब्लाउज शिवून माझं बरं चालतं. भावाची बायको महाराष्ट्रातून नोकरीसाठी इकडे आलेली. आमच्या घरातल्या मराठीत अर्धं कन्नड असतं, ते ऐकून वहिनीला हसू येतं. म्हणून हे सगळं मी तिच्या मराठीत लिहिते आहे. तिला वाचायला अडचण नको.

आईला मागे एकदा झटका येऊन गेला. डावा पाय ओढत चालते, आणि आठवण कधी इथे असते, कधी चाळीस-पन्नास वर्षं मागे जाऊन बसते. तिला सारखी थंडी वाजते. सकाळी तिला अंघोळ घालणं हे माझं पहिलं काम. आमच्या न्हाणीत चुलीवर कायमचा बसवलेला तांब्याचा हंडा आहे. खाली झावळ्या आणि करवंट्या सारायच्या, पाणी कढलं की विसण घालून तांब्या तांब्याने अंगावर घ्यायचं. आई चुलीशेजारी लाकडी चौरंगावर बसते. मागची भिंत तापलेली असते, ती पाठ टेकवते आणि डोळे मिटते. मी पाणी ओतत राहते. दिवसभरात तेवढाच वेळ ती कुडकुडत नाही.

लहानपणी ह्याच न्हाणीत आमची भांडणं व्हायची. पहिलं कढत पाणी भावाचं, कारण त्याला शाळेला लांब जायचं असे. हंड्याच्या तळाशी उरेल ते कोमट पाणी माझं. माझीही शाळा होती, पण ती जवळ होती म्हणे. मी रडले की आई म्हणायची, उरतंय की, उरलेल्यानेही अंग स्वच्छच होतं. तिने हे प्रेमानेच म्हटलं असणार, पण मला अजून आठवलं की चीड येते.

दुसऱ्या बाथरूममध्ये भावाने गीझर बसवून दिला होता. आईने त्याचं पाणी एकदा अंगावर घेतलं आणि नको म्हणाली, ह्या पाण्याला वासच नाही म्हणे. धुराचा वास नसला की तिला ते पाणी तापवल्यासारखं वाटत नाही. मीही तिच्यामागून हंड्याच्याच पाण्याने अंघोळ उरकायची. गीझरचं बटण महिनोन्महिने कोणी दाबलं नाही. ते बटण कोणी मोजत असेल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

कृष्णराजनगरला आमची मावशी असते. तिचा फोन आला. तिने भाताची कापणी, नातवाची परीक्षा असं सगळं आधी सांगून घेतलं आणि मग आवाज खाली आणला.

"काय ग पुट्टी, आईला न्हाऊ घालीत नाईस म्हणे? अण्णा सांगतोय. फोनात दिसतंय म्हणे त्याला. निजाना? खरं काय?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पुट्टी म्हणजे मी, धाकटी, आणि अण्णा म्हणजे माझा भाऊ; मला तो काही बोलला नव्हता. त्याने काठ्या बघितल्या होत्या. इस्त्रीच्या होत्या, मोटारीच्या होत्या, सकाळची गीझरची काठी मात्र कुठेच नव्हती. त्यावरून त्याने ठरवलं होतं की मी सकाळपासून स्वतःचं शिवणकाम करत बसते आणि आई तशीच पारोशी पडून असते. आणि हे त्याने मला न विचारता मावशीला सांगितलं होतं. मावशीने अजून कोणाकोणाला सांगितलं असेल ते देव जाणे. मावशीला मी खरं काय ते सांगितलं. ती हो हो म्हणाली, पण एकदा कानावर पडलेलं पुसलं जात नाही, हे तिच्या आवाजावरून कळत होतं.

मी भावाला फोन केला नाही. त्याच्यासमोर उभं राहून बोलायचं होतं मला. रविवारी तो आणि वहिनी आले. वहिनीने आईसाठी मऊ चपला आणल्या होत्या. भावाने चहा घेतला, फोन काढला आणि माझ्यासमोर धरला.

"सुम्ने उगाच भांडू नको आता. हे नोडु, बघ. महिनाभर सकाळची काठीच नाई."

"न्हाणीत जा," मी म्हटलं, "आणि हंड्याला हात लाव."

तो गेला. त्याने हात लावला आणि चटकन मागे घेतला. चुलीत निखारे होते, चौरंग ओला होता, दोरीवर आईचं लुगडं वाळत होतं. ज्या घरात तो जन्मला, ज्या हंड्याचं पहिलं पाणी वर्षानुवर्षं त्याच्या अंगावर पडलं, तो हंडा त्याच्या ध्यानातच नव्हता. मी वाट बघत होते की आता तरी तो मान खाली घालेल. त्याने धुराने काळी पडलेली भिंत बघितली. मग म्हणाला की ह्या वयात आईच्या छातीत धूर जातो, हे तर जास्तच वाईट आहे. माणसाने एकदा ठरवलं की त्याला कारणांचा तोटा नसतो.

मग त्याने खरं ते सांगितलं. आईला तो हूटगळ्ळीला नेणार होता. तिथे नवं घर आहे, घसरणार नाही अशी फरशी आहे, बाथरूममध्ये धरायला दांडा आहे, वहिनी घरूनच काम करते. मी दिवसभर मशीनवर असते, आईकडे बघायला मला वेळ कुठला, म्हणाला. मी म्हटलं, माझं मशीन आणि आईची खाट एकाच खोलीत आहे. वहिनी समजुतीच्या सुरात म्हणाली की प्रश्न कोणाच्या चुकीचा नाहीच, आईंच्या सोयीचा आहे. तिचा तो सूर मला शिवीपेक्षा जास्त लागला.

शेवटी भावाने आईलाच विचारलं, येतेस का माझ्याकडे. आई त्याच्याकडे बघून हसली.

"आयतु," ती म्हणाली. म्हणजे बरं, झालं, तू म्हणशील तसं.

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. रोज सकाळी धुरात डोळे चोळत चूल फुंकायची मी, आणि त्याच्या एका प्रश्नाला आयतु. मी तिची लुगडी पिशवीत भरली. चौरंगही बरोबर दिला, पण वहिनीने तो हळूच बाजूला ठेवला. त्यांच्याकडे रबरी पायांचं नवं स्टूल होतं.

त्या दिवसापासून मी गार पाण्याने अंघोळ करू लागले. एकटीसाठी हंडा कशाला पेटवायचा हे एक, आणि गीझर लावून भावाला एकही काठी द्यायची नाही हे दुसरं. हा वेडेपणा होता हे मला कळत होतं. पण रोज सकाळी दात वाजत असताना, त्याच्या फोनमधली ती जागा रिकामी आहे एवढ्यानेही मला ऊब यायची.

तो मात्र मला रोज चित्र पाठवायचा. त्याच्या घरच्या मीटरचं, सकाळी सात वाजताच्या काठीचं. आईच्या बाथरूमला वेगळा गीझर आहे, तो भिंतीवरच्या टायमरने आपोआप लागतो आणि आपोआप बंद होतो. खाली तो लिहायचा, आईची अंघोळ झाली.  एकदा त्याने कौतुकाने लिहिलं, बघ, काठी किती बुटकी येते, आमचा गीझर एवढ्याशा विजेत काम करतो. मी फोन उशीखाली ठेवून दिला.

मधे एकदा मी जाऊन आले. आई गॅलरीत खुर्चीवर बसली होती. अंगावर स्वच्छ लुगडं, पायात मऊ चपला, तोंडाला पावडर. वहिनीने उपमा केला होता. आईला काही कमी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यामुळेच मी जास्त जळफळत परत आले. ती तिथे दुःखी असेल अशी माझी तयारी होती.

दिवाळी आली. आमच्याकडे नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी नीर तुंबुव हब्ब असतं, पाणी भरायचा सण. त्या दिवशी हंडा चिंचेने घासायचा, त्याला हळदकुंकू लावायचं, गळ्यात फुलांची माळ घालायची आणि काठोकाठ पाणी भरून ठेवायचं. पहाटे त्याच पाण्याने सगळ्यांची तेल लावून अंघोळ. यंदा न्हायला कोणी नव्हतं, तरी हात सवयीने कामाला लागले. हंडा लखलखीत झाला, पाणी भरलं, आणि मग माझी मलाच कीव आली. मी तेलाची बाटली आणि लाकडी फणी पिशवीत टाकली आणि हूटगळ्ळीची बस पकडली. निदान तिच्या डोक्याला तेल तरी मी लावणार होते. ह्यावर कोणी काही बोललं असतं तर मी भांडायच्या तयारीत होते.

भाऊ कारखान्यातून यायचा होता. वहिनीने दार उघडलं आणि पुन्हा लॅपटॉपसमोर बसली. मी आईला खुर्चीत पुढे सरकवलं, तिचा अंबाडा सोडला आणि फणी घातली. फणी अडकली. वरचे केस विंचरलेले होते, पण खालच्या केसांच्या गुठळ्या झाल्या होत्या, आणि केस वर उचलल्याबरोबर वास आला. मी मान पाहिली. पावडरीचे थरावर थर बसले होते, त्याखाली मळाच्या काळ्या रेघा होत्या. कानामागची कातडी लाल होऊन सोलली होती. मी फणी खाली ठेवली.

मी आईला विचारलं, अंघोळ करतेस ना रोज. तिने दार लावलेल्या बाथरूमकडे बोट केलं.

"ते पाणी वरनं यकदम येतंय ग. रागावल्यावानी. मी तोंड धुते, लुगडं बदलते, येते भायेर."

"आणि कुणाला सांगितलं नाईस?"

"अण्णाला बेजार कशाला?"

वहिनी उठून आली होती. पहिल्या दिवशी तिने आईला शॉवरच्या नळाची दांडी कशी उचलायची ते दाखवलं होतं. त्यानंतर आई आत जाऊन दार लावायची आणि बदललेल्या लुगड्यात बाहेर यायची. म्हाताऱ्या माणसाच्या अंघोळीत डोकावणं तिला बरं वाटेना, आणि डोकावायची गरजही वाटली नाही, कारण गीझर लागलेला रोज फोनवर दिसत होता. तिने आईच्या मानेकडे पाहिलं. मग तिने स्वतःचा फोन उघडला आणि सकाळच्या काठ्या एकेक करून मागे बघत गेली.

"म्हणून काठी बुटकी येत होती," ती म्हणाली. "पाणी कोणी घेतलंच नाही. कालचंच गरम पाणी आज थोडं आणखी गरम होत होतं."

ती खाली फरशीवरच बसली. मी तिच्याशी भांडायच्या तयारीने आले होते आणि तिला पाणी आणून देऊन बसले. ह्याचाही मला रागच आला.

तेवढ्यात भाऊ आला, हातात मिठाईचा डबा घेऊन. वहिनीने त्याला सांगितलं. तो डबा हातात धरूनच उभा राहिला.

"पण गीझर रोज चालत होता," तो म्हणाला.

"मग गीझर न्हालाय," मी म्हटलं. "आई नाई न्हाली."

मला वाटलं, तो आता आईजवळ येईल. तिच्या केसांना हात लावेल, निदान तिच्यासमोर बसेल. तो भिंतीवरचा टायमर बघायला गेला. त्याचं झाकण उघडून त्याने आत पाहिलं, काही दाबून पाहिलं. टायमर नीट चालत होता. मी त्याच्या पाठीकडे बघत होते आणि त्या क्षणी मला त्याचा जितका तिरस्कार वाटला तितका आयुष्यात कधी कोणाचा वाटला नाही. लग्न मोडलं तेव्हा नवऱ्याचाही नाही.

मी आईची पिशवी भरली. भाऊ म्हणाला की आता दोघं नीट लक्ष देतील, एक बाई ठेवतील, सणाच्या दिवशी असं जाऊ नये.  मी आईसमोर वाकले आणि विचारलं, घरी जाऊया का आपल्या. ती माझ्याकडे बघून हसली, अगदी तशीच, त्या रविवारी त्याच्याकडे बघून हसली होती तशी.

"आयतु," ती म्हणाली.

 म्हणजे त्या रविवारी तिने त्याला निवडलं नव्हतं, आणि आज मलाही नाही. जो समोर येऊन विचारेल त्याला ती आयतु म्हणते. भावाने गाडीची किल्ली काढली, पण मी रिक्षा बोलावली. वहिनी आईला धरून फाटकापर्यंत आली आणि तिने आपणहून ते रबरी पायांचं स्टूल रिक्षात ठेवायला आणलं. मी ते परत केलं.

पहाटे मी हंडा पेटवला. झावळ्या दमट होत्या, धूर फार झाला. आईला चौरंगावर बसवून तिच्या डोक्यावर तेल थापलं, गुठळ्या बोटांनी एकेक करून सोडवल्या. काही सुटल्या नाहीत, त्या माझ्या ब्लाउजच्या कात्रीने कापाव्या लागल्या. शिकेकाई लावली आणि पाणी ओतायला लागले. पहिले काही तांबे काळं पाणी मोरीकडे वाहत गेलं. आईने भिंतीला पाठ टेकली, डोळे मिटले आणि हुश्श केलं. बाहेर फटाके सुरू झाले होते. माझा फोन आतल्या खोलीत वाजला, थांबला, पुन्हा वाजला. भावाच्या फोनवर त्या वेळी आमच्या घरात नुसत्या फ्रीजची एवढीशी काठी दिसत असणार. मी फोन वाजू दिला.

आईला पुसून, लुगडं गुंडाळून चुलीजवळ बसवलं. मी माझ्यासाठी विसण काढलं आणि तांब्या भरायला वाकले. हंड्यात अजून निम्मं पाणी होतं, कढत. आईने माझा हात धरला. तिची आठवण पुन्हा मागे गेली होती, आमच्या लहानपणीच्या त्या सकाळींपाशी, जेव्हा आम्ही दोघं न्हाणीच्या दारात रांगेत उभे असू.

"थांब ग पुट्टी," ती म्हणाली. "अण्णा न्हायचाय अजून. हे त्याचं पाणी. उरेल की तुला."

मी तिचा हात हळूच सोडवला. मग तो हंडा, शेवटच्या तांब्यापर्यंत, मी माझ्या डोक्यावर ओतून घेतला.